दीड सूर वर

लिफ्ट दुरुस्तीच्या आमच्या कंपनीत त्यांना सगळे मिलिमीटर म्हणायचे. लिफ्ट मजल्यावर थांबली की आतली जमीन आणि बाहेरची जमीन एका पातळीत यायला हवी. आम्ही बाकीचे बोटभर फरक चालवून घ्यायचो. ते घ्यायचे नाहीत. पोलादी पट्टी आडवी लावून बघायचे, पुन्हा जिने चढून मशीनच्या खोलीत जायचे, ब्रेकचा बोल्ट अर्धा आटा फिरवायचे आणि पुन्हा खाली येऊन पट्टी लावायचे. मी तेवीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. बोलणी भरपूर खाल्ली, पण हातातलं काम त्यांच्यामुळेच आलं. मी त्यांना मिस्त्री म्हणतो, आणि त्यांच्या बायकोला वहिनी.

वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. दोघांची ओळखच बंद पडलेल्या लिफ्टमुळे झाली. वहिनी आत अडकलेल्या आणि मिस्त्री बाहेरून दार उघडायच्या खटपटीत. "घाबरू नका हं," असं मिस्त्री म्हणाले, तर आतून उत्तर आलं, "घाबरायला सवड कुणाला आहे? माझी ड्यूटी चार मिनिटांपूर्वी सुरू झालीय." तो आवाज ऐकून आपण दार उघडायला मुद्दाम थोडा वेळ लावला, असं मिस्त्री पुढे कबूल करायचे. एक्स्चेंजच्या वार्षिक कार्यक्रमात ऑपरेटर मुलींनी स्वतःच रचलेलं एक गाणं वहिनी म्हणायच्या आणि साथीला मिस्त्री गिटार घेऊन बसायचे. गाणं साधंच होतं:

दोन गावं जोडते मी,
बोला तुम्ही, ऐकते मी.
नाव माझं पुसू नका,
तारेमधला सूर मी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये गिटारचा एक छोटा तुकडा होता, दांडीवरून सरसर वर चढत जाणारा. तो त्यांनी स्वतः बसवला होता.

मिस्त्री निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी वहिनींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं पूर्ण गेलं. समजायचं सगळं. कपाटाची किल्ली कुठे आहे विचारलं की नजर बरोब्बर तिकडे जायची. पण शब्द येत नव्हता. ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, मग त्या डोळे मिटून घ्यायच्या. ज्या बाईनं तीस वर्षं अख्ख्या गावाला एकमेकांशी बोलतं केलं, ती आता पाण्यासाठी चमचा पेल्यावर वाजवायची.

इस्पितळातून वाचा-उपचाराच्या केंद्रात नाव घातलं. तिथल्या थेरपिस्टबाई तरुण होत्या, पण कामात चोख. त्यांनी आधीच सांगितलं, "सहा आठवडे. मग तपासणी. काही फरक दिसला तर पुढे चालू ठेवू. नाही दिसला तर जागा दुसऱ्या पेशंटला द्यावी लागते. रांग मोठी आहे."

चार आठवडे कोरडे गेले. चित्रांचे पत्ते, आरसा, ओठांचे व्यायाम, सगळं झालं. पाचव्या आठवड्यात बाईंच्या लक्षात आलं की पेशंट खिडकीकडे तोंड करून काहीतरी गुणगुणते आहे. मिस्त्री बाहेर बाकावर होते. त्यांना आत बोलावलं. त्यांनी अर्धी ओळ ऐकली आणि भिंतीला हात टेकला.

"हे आमचं गाणं आहे," ते म्हणाले.

बाईंनी समजावलं की बोलणं आणि गाणं मेंदूत अगदी एकाच वाटेनं जात नाहीत. बोलायची वाट बंद झालेली काही माणसं गाण्यातून शब्द उच्चारू शकतात. सगळ्यांना जमत नाही, पण सूर बाहेर येतोय म्हणजे आशेला जागा आहे. "तुम्ही घरी साथ करा. फक्त एक. त्या जिथून सुरू करतात तिथूनच तुम्हीही सुरू करा. त्यांना आपल्याकडे ओढू नका."

मिस्त्रींनी माळ्यावरून गिटार काढली. जुनी, रुंद पोटाची, तळाशी पॉलिश उडालेली. नेहमीच्या पट्टीत लावली आणि वाजवायला घेतली. वहिनी एकदम गप्प झाल्या. ते थांबले, तशा त्या पुन्हा गुणगुणायला लागल्या. मिस्त्रींनी सूर तपासला. वहिनी दर वेळी एकाच ठिकाणाहून सुरू करत होत्या, गिटारपेक्षा बरोब्बर दीड सूर वर. गिटारची पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार नेहमी पेटीच्या पांढरी तीनला लागते. वहिनींना ती पांढरी पाचला हवी होती. तरुणपणी त्या कार्यक्रमात गायच्या तीच ही पट्टी. तेव्हा गिटार नवी होती, मिस्त्री ती चढवून घ्यायचे. नंतर वय झालं, आवाज उतरला, गिटारही उतरली. आजारानं मधली सगळी वर्षं पुसून टाकली आणि पहिली पट्टी तेवढी ठेवली.

साधा उपाय म्हणजे दांडीवर चिमटा लावायचा. तिसऱ्या पडद्यावर लावला की सगळ्या तारा दीड सूर वर जातात. मिस्त्रींनी तो लावला. वहिनी सुरात सूर मिसळून गुणगुणल्या, दोन ओळी झाल्या, आणि मग तो चढता तुकडा आला. चिमट्यामुळे सगळंच तीन पडदे पुढे सरकलेलं, त्यामुळे तुकड्याचं टोक दांडी संपून गिटारच्या पोटावर जात होतं. मिस्त्रींची बोटं चाळीस वर्षं नट-बोल्टांवर पाने फिरवून आखडलेली, तिथे पोचेनात. तुकडा अर्ध्यात तुटला आणि वहिनीही तिथेच तुटल्या. दहा वेळा वाजवला, दहा वेळा तेच. दहाव्या वेळी वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रींनी चिमटा काढून खिशात टाकला.

मग त्यांनी ते केलं, जे मी केलं असतं तर मला जिन्यावरून खाली ढकललं असतं. हिशेब न करता ताण वाढवला. गिटारवर होत्या त्याच जाड तारा पिळत पिळत वर नेल्या.

मी त्या संध्याकाळी सहज गेलो होतो. खोलीत शिरलो तेव्हा ते चौथी तार चढवत होते आणि गिटारच्या आतून बारीक कुरकुर ऐकू येत होती. तो आवाज मला ओळखीचा होता. लाकडावर झेपेल त्याहून जास्त भार आला की ते असं बोलतं.

"मिस्त्री, थांबा," मी म्हटलं.

"एक सूर झालाय. अर्धाच राहिलाय."

"आधी घोडी बघा."

घोडी म्हणजे गिटारच्या पोटावरची ती लाकडी पट्टी, जिच्यात सगळ्या तारा अडकवलेल्या असतात. ती फक्त सरसावर चिकटलेली असते. मी खिशातलं बसचं तिकीट काढून तिच्या मागच्या कडेखाली सरकवलं. ते निम्मं आत गेलं.

 मिस्त्रींनी लगेच एकेक खुंटी उलटी फिरवायला सुरुवात केली. सगळ्या तारा सैल होईपर्यंत मी घोडीवरची नजर हलवली नाही. घोडी सुटून आली असती तर पोटाची फळीच उचकटून निघाली असती, आणि वहिनी समोर चार फुटांवर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गिटार वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. अरुंद गाळा, भिंतीवर टांगलेल्या बिनतारेच्या सांगाड्यांची रांग, सरसाचा वास. तो माणूस वयानं मिस्त्रींएवढाच. त्यानं घोडी पाहिली, मग मिस्त्रींकडे पाहिलं.

"तुम्ही काय काम करता?"

"लिफ्टचं करत होतो."

"दोर बदलताना भार मोजायचात ना?"

"हो."

"मग इथे का नाही मोजलात? दीड सूर चढवला की ताण चाळीस टक्क्यांनी वाढतो. ही काय क्रेन आहे?"

"घाई झाली," मिस्त्री म्हणाले. तेवीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी कधी ऐकले नव्हते.

कशासाठी चढवायचीय ते मीच सांगितलं. दुरुस्तीवाल्याचा सूर बदलला. घोडी पुन्हा चिकटवायला हवी, सरस वाळायला पूर्ण चार दिवस, आणि नंतर सगळ्यात बारीक तारांचा संच. तार बारीक असली की तेवढ्याच सुराला कमी ताण लागतो, म्हणजे वर चढवूनही गिटारवर भार नेहमीएवढाच राहतो. "पण एक ऐकून ठेवा," तो म्हणाला. "बारीक तारेनं गिटार वाचते, पहिली तार वाचत नाही. ती जाड घ्या नाहीतर बारीक, पोलाद साधारण त्याच सुरावर तुटतं. तुम्हाला ती तुटायच्या जरा अलीकडे उभी करायचीय. दोन जास्तीच्या घेऊन जा."

 बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाले, "लिफ्टच्या दोराला दसपट ताकद ठेवायचो आपण. इथे सव्वापटसुद्धा नाही."

तो शुक्रवार होता. सरस वाळून गिटार हातात यायची बुधवारी, आणि तपासणी गुरुवारी दहाला.

मंगळवारी मुलगी आली. ती दुसऱ्या शहरात शिकवते, एकुलती एक. आईला आपल्याकडे न्यायचं तिनं मनात पक्कं केलं होतं, कारण तिकडे घराजवळ मोठं केंद्र होतं आणि हाताशी माणसं होती. गिटारचं ऐकून तिचा पारा चढला.

"बाबा, तुम्हाला मशीन दुरुस्त करायची सवय आहे. आई मशीन नाही."

"मी कुठे म्हणालो तसं?"

"मग हे काय चाललंय? तारा, सरस, खुंट्या. तुम्ही आईच्या शेजारी बसून व्यायाम घ्यायचे सोडून दुकानांच्या चकरा मारताय. उद्या जमलं नाही तर तिला काय वाटेल याचा विचार केलात? दहादा तुटलं तेव्हा रडली ना ती?"

 ती चुकीचं बोलत नव्हती, हे मिस्त्रींनाही कळत होतं आणि मलाही. आतल्या खोलीतून पेल्यावर चमचा वाजला आणि मुलगी पाणी घेऊन गेली.

बुधवारी दुपारी मी गिटार आणून दिली. जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून मिस्त्रींनी ती आडवी ठेवली. वहिनींची खुर्ची खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, पाठीमागच्या बाजूला नेली. मग कपाटातून ग्राइंडरवर काम करताना घालायचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मुलगी दाराशी हाताची घडी घालून उभी होती.

"हे इतकं धोकादायक असेल तर कशाला करताय?" ती म्हणाली.

"म्हणूनच चष्मा घातलाय," मिस्त्री म्हणाले.

दांडीच्या डोक्याशी तारा ज्या खाचांतून जातात, त्या प्रत्येक खाचेत त्यांनी पेन्सिलीचं शिसं घासलं, म्हणजे तार अडकून धक्का बसू नये. आधी सहाही तारा नेहमीच्या सुरावर आणल्या आणि दहा मिनिटं नुसते बसून राहिले. मग सगळ्या अर्धा सूर वर. पुन्हा दहा मिनिटं. दर वेळी मी घोडीखाली कागद सरकवून बघत होतो. कागद आत जात नव्हता. पुन्हा अर्धा सूर. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आणि खुंटीच्या दातांचा, एवढाच काय तो आवाज. शेवटच्या अर्ध्या सुराला पाच तारा सरळ गेल्या. पहिली तार राहिली. मिस्त्रींनी खुंटी फिरवली, सूर जवळ आला, आणखी केसभर, आणि ताडकन आवाज झाला.

मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा मिस्त्रींच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ उमटली होती आणि तिच्यातून थेंब येत होते. मागून वहिनींचा एक विचित्र आवाज आला, शब्द नसलेला. मुलगी पळत आईकडे गेली.

"बाबा, बस करा आता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता.

मिस्त्रींनी हाताला रुमाल गुंडाळला आणि तुटलेलं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. तार खाचेपाशी तुटली होती. खाचेच्या कडेला धार होती, बोटाला जेमतेम जाणवेल एवढी. त्यांनी सर्वांत बारीक पॉलिश कागदाची सुरळी केली आणि ती खाच घासत बसले. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मला माझे जुने मिस्त्री परत दिसले. घाई कुठेच नव्हती.

दुसरी तार त्यांनी वीस मिनिटं घेऊन चढवली. पांढरी पाच. तार टिकली. 

मुलीनं आईची खुर्ची ओढून जवळ आणली, बरीच जवळ, आणि स्वतः आई आणि गिटार यांच्या मध्ये जमिनीवर बसली. मिस्त्रींनी सुरुवात केली. वहिनी गुणगुणल्या. पहिली ओळ नुसती सुरात गेली. दुसरीही. मग तो चढता तुकडा आला, आखडलेली बोटं वर सरकली, टोकाला पोचली आणि परत फिरली. कुठे तुटलं नाही. तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी वहिनींचे ओठ बंद झाले, उघडले, आणि आम्ही ऐकलं:

"ना...व."

पुढे नुसता सूर. पण तो शब्द होता. मुलीनं तोंडावर हात दाबून धरला. मिस्त्री थांबले नाहीत. बहुधा थांबायची भीती वाटली असेल. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आणि चौथ्या खेपेला "नाव माझं" एवढं आलं. त्यानंतर वहिनी दमल्या.

त्या रात्री तारा उतरवायच्या की तशाच ठेवायच्या, यावर आमचा खल झाला. उतरवून पुन्हा चढवल्या तर तार त्याच जागी पुन्हा वाकून कमजोर होणार. तशीच ठेवली तर रात्रभर ताण. मिस्त्रींनी ती तशीच ठेवली.

गुरुवारी टॅक्सीत गिटार दुलईत गुंडाळून मांडीवर घेतली होती. सिग्नलला ऊन काचेतून आत आलं तसं मुलीनं न सांगता आपली ओढणी दुलईवर टाकली. केंद्रात तपासणीच्या खोलीत थेरपिस्टबाई आणि एक वयस्क डॉक्टर होते. डॉक्टरांच्या पुढ्यात छापील फॉर्म. मिस्त्रींनी ग्राइंडरचा चष्मा घातला तेव्हा डॉक्टरांनी भुवया उंचावल्या.

आधी पत्ते दाखवले. पेला, किल्ली, खुर्ची. वहिनींना एकही शब्द आला नाही. डॉक्टरांनी फॉर्मवर तीन खुणा केल्या. मग बाई म्हणाल्या, "आता गाणं."

मिस्त्रींनी वाजवायला घेतलं. एक ओळ, दुसरी ओळ. तुकडा सुरू झाला, वर चढला, आणि टोकाच्या सुरावर बोट दाबलं गेलं तेव्हाच पहिली तार तुटली.

या वेळी कुणाला लागलं नाही.  मिस्त्रींची बोटं दांडीवर तशीच राहिली. शेवटची जादा तार घरी टेबलावर राहिली होती, हे त्यांना आणि मला एकाच क्षणी आठवलं. डॉक्टरांनी पेन उचललं.

वहिनींनी डावा हात पुढे केला, मिस्त्रींच्या गुडघ्यावर ठेवला आणि दोन थापा मारल्या. ठेका. मग तुकड्याचा राहिलेला भाग स्वतः गुणगुणत वर नेला, परत आणला आणि गायल्या:

"नाव माझं... पुसू नका."

मिस्त्रींना वाजवायचं भान नव्हतं. चौथी ओळ वहिनींनी एकटीनं अर्धी म्हटली. थेरपिस्टबाईंनी तेवढ्यात तीच चाल पकडून गात विचारलं, "पाणी हवं का?" आणि वहिनी त्याच चालीत, अडखळत, "पाणी... हवं," असं गायल्या.

डॉक्टरांनी केलेल्या खुणा खोडल्या नाहीत. खाली दोन ओळी लिहिल्या आणि फॉर्म बाईंकडे सरकवला. आणखी बारा आठवडे.

बाहेर बाकावर मुलगी बाबांच्या शेजारी बसली. "मी तिला नेणार नाही आत्ता," ती म्हणाली. "पण व्यायाम चुकवायचे नाहीत. रोज फोन करून विचारणार आहे." मिस्त्रींनी मान हलवली. ग्राइंडरचा चष्मा अजून त्यांच्या हातात उघडाच होता. त्याची घडी तिनं घातली.

या गोष्टीला दीड वर्ष होत आलं. चमत्कार झालेला नाही. वहिनींची वाक्यं दोन-तीन शब्दांची असतात आणि बरीचशी चालीत येतात. 'काल' आणि 'उद्या' अजून उलटसुलट होतात, आणि चिडल्या की सगळंच अडतं. थेरपिस्टबाईंनी हळूहळू चाल सोडून बोलण्याकडे न्यायचं ठरवलं, म्हणून दर काही महिन्यांनी गिटार अर्धा सूर खाली येते. आता वहिनी तक्रार न करता खाली येतात. गेल्या महिन्यात ती नेहमीच्या पट्टीत आली आणि मिस्त्रींनी पुन्हा जाड तारा चढवल्या. दुरुस्तीवाल्याला दाखवून, त्याला विचारून.

परवा मी त्यांच्याकडे गेलो. मिस्त्री बाजारात गेले होते. दार वहिनींनीच उघडलं, काठी टेकत. मी चपला काढत उभा राहिलो, त्यांनी खुर्चीकडे बोट केलं, ओठ दोनदा जुळवले आणि चाल नाही, ठेका नाही, सरळ म्हणाल्या, "बसा."

मी बसलो.